डबा घेण्याआधी टीव्हीला विचारा

अडीच तासांचा एक सिनेमा घ्या. फुल एचडी, म्हणजे पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके. गुणाकार केला तर एका चित्रात २०,७३,६०० ठिपके झाले. प्रत्येक ठिपक्याचे लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे, प्रत्येकी एक बाइट. म्हणजे एक चित्र ६२ लाख बाइटचं, आणि सिनेमात अशी २४ चित्रं दर सेकंदाला सरकतात. झाले सेकंदाला १४९ मेगाबाइट. नऊ हजार सेकंदांचा हिशेब मांडला की आकडा येतो १.३४ टेराबाइट. एक टीबीची हार्ड डिस्क एका सिनेमाला पुरायची नाही!

प्रत्यक्षात हाच सिनेमा साडेचार जीबीच्या फाइलमध्ये मावतो आणि पाहणारा खुशाल पॉपकॉर्न खात बसतो. ३०० भागांतले २९९ भाग कुणीतरी फेकून दिलेत आणि डोळ्यांना पत्ताही लागलेला नाही.

घरच्या मीडिया सर्व्हरसाठी कोणता प्रोसेसर घ्यावा, रॅम किती टाकावी, हे प्रश्न हल्ली पुष्कळांना पडतात. कल्पना तशी साधी आहे. कोपऱ्यात एक डबा, त्यात हार्ड डिस्क, डिस्कवर विकत घेतलेल्या डीव्हीडी-ब्लूरेच्या प्रती, नाटकांच्या जुन्या व्हीसीडी, लग्नाच्या कॅसेटवरून उतरवून घेतलेलं चित्रण, मुलांच्या गॅदरिंगचे व्हिडिओ. घरातल्या कुठल्याही टीव्हीवर किंवा मोबाइलवर ते सगळं पोस्टरांसकट हजर. हे काम करणारी तीन सॉफ्टवेअर प्रसिद्ध आहेत: प्लेक्स, एम्बी आणि जेलीफिन. २०१८च्या अखेरीस एम्बीने आपला कोड सर्वांना खुला ठेवणं थांबवलं, तेव्हा काही जणांनी तोवरचा खुला कोड उचलून जेलीफिन सुरू केलं. ते आजही पूर्ण फुकट आहे, आणि पुढचं सगळं मी तेच डोळ्यांसमोर ठेवून लिहितोय.

प्रोसेसरच्या प्रश्नाचं उत्तर त्या फेकून दिलेल्या २९९ भागांत दडलेलं आहे. म्हणून आधी ते फेकतात कसे ते पाहू. (खरेदीची घाई असलेल्यांनी पुढचे तीन-चार परिच्छेद गाळले तरी त्यांचा डबा चालेल. पण मग गंमत गेली.)

चित्रातला आठ बाय आठ ठिपक्यांचा एक चौकोन उचला. समजा, तो संध्याकाळच्या आकाशाचा तुकडा आहे. ६४ ठिपके, ६४ आकडे, पण सगळे जवळपास सारखे, डावीकडून उजवीकडे किंचित फिके होत जाणारे. हे आकडे जसेच्या तसे लिहिण्याऐवजी ६४ ठरावीक नक्ष्या घेता येतात. पहिली नक्षी अगदी सपाट. दुसरी एका बाजूला उजळ, दुसऱ्या बाजूला काळी होत जाणारी. पुढच्या नक्ष्यांत हा चढउतार आडवा-उभा वाढत जातो, आणि शेवटची एकाआड एक काळ्या-पांढऱ्या चौकटींची. या नक्ष्या कमीअधिक गडद करून एकमेकींवर चढवल्या, की आठ बाय आठचा जगातला कुठलाही तुकडा हुबेहूब उभा राहतो. खुबी अशी, की आपल्या आकाशाच्या तुकड्याला पहिल्या दोन-तीन नक्ष्याच पुरतात. उरलेले साठ आकडे शून्य, किंवा शून्याच्या इतके जवळ की पुसून टाकले तरी कुणाला कळणार नाही.

या गणिताला डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म म्हणतात. ते ज्यांना सुचलं ते नासिर अहमद १९४० साली बंगळुरूला जन्मले, तिथेच इंजिनिअर झाले आणि पुढे अमेरिकेत कॅन्सस स्टेट युनिव्हर्सिटीत शिकवू लागले. १९७२मध्ये त्यांनी या कल्पनेवर काम करण्यासाठी तिथल्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे पैसे मागितले. मिळाले नाहीत. काम तरीही झालं, आणि जानेवारी १९७४मध्ये टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासोबतचा त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. चार पानांचा! व्हॉट्सॲपवर रोज सकाळी येणारं ‘सुप्रभात’चं जेपेग चित्र, डीव्हीडी, व्हिडिओ आवळायच्या एच.२६४, एच.२६५ आणि अगदी अलीकडची एव्ही१ या पद्धती, या सगळ्यांच्या पोटात ती चार पानं किंवा त्यांचीच वंशावळ आहे. तीन भारतीय नावांच्या एका छोट्या निबंधावर जगभरचं चलच्चित्र चालावं, आणि आपल्या शाळांच्या पुस्तकांत त्यांचं नाव सहसा भेटू नये, याचं मला नेहमी नवल वाटतं.

दुसरी युक्ती काळाशी खेळते. नाटकाचं चित्रण बघा. नेपथ्य तेच, सोफा तोच, मागची खिडकी तीच. हलतायत ती दोन पात्रं. मग प्रत्येक वेळी सोफा नव्याने कशाला लिहायचा? एक चित्र पूर्ण साठवायचं आणि पुढच्या चित्रांत फक्त सूचना लिहायच्या: हा चौकोन मागच्या चित्रातून घे, पावणेतीन ठिपके डावीकडे सरकव, थोडा उजळ कर. ‘पावणेतीन’ मी गमतीने म्हटलेलं नाही. २००३ साली प्रमाण ठरलेल्या एच.२६४मध्ये ही सरक पाव ठिपक्यापर्यंत मोजतात. त्यात चित्राचे सोळा बाय सोळा ठिपक्यांचे चौकोन पाडतात. फुल एचडीच्या एका चित्रात ते ८,१६० होतात, म्हणजे सेकंदाला जवळजवळ दोन लाख. त्यातल्या प्रत्येकासाठी ‘हा तुकडा मागे कुठे होता’ याचा शोध.

आणि इथे एक मोठी विषमता आहे. आवळणाऱ्याला हजार जागा धुंडाळायच्या असतात. उलगडणाऱ्याने मात्र सांगितलेल्या जागी जायचं, तुकडा उचलायचा, चिकटवायचा. म्हणूनच स्वस्तातला मोबाइलही सिनेमा सहज दाखवतो. तोच सिनेमा आवळताना मोठ्या कॉम्प्युटरचा पंखा घोंगावायला लागतो. आणखी एक मौज म्हणजे या प्रमाणांच्या जाडजूड दस्तऐवजात फाइल कशी उलगडायची तेवढंच पक्कं केलेलं असतं. आवळायची कशी, हे ज्याच्या त्याच्या अकलेवर सोडलेलं आहे.

आता डब्याकडे वळू.

तुम्ही प्ले दाबता तेव्हा टीव्हीवरचं ॲप सर्व्हरला आपली कुवत कळवतं: मला एच.२६४ कळतं, एच.२६५ कळतं, आवाज या या प्रकारचा कळतो, अमुक इतका वेग झेपतो. सर्व्हर ही यादी आणि फाइल ताडून पाहतो. जुळलं, तर तो डिस्कवरून फाइल वाचतो आणि तारेवर ढकलून देतो. बस्स. काही उलगडत नाही, काही आवळत नाही. ब्लूरेवरच्या चित्राचा वेग जास्तीत जास्त सेकंदाला ४० मेगाबिट, म्हणजे ५ मेगाबाइट असतो. साधी हार्ड डिस्क सेकंदाला दीडशे-दोनशे मेगाबाइट वाचते. प्रोसेसर अशा वेळी जवळपास झोपलेला असतो. माळ्यावर टाकलेला दहा वर्षांपूर्वीचा लॅपटॉपही हे काम हसत करतो. घरातली सगळी यंत्रं फाइलची भाषा जाणत असतील, तर सर्व्हरच्या ताकदीवर जादा खर्चलेला प्रत्येक रुपया वाया गेला असं समजा.

खर्चाचा प्रश्न येतो तो यादी न जुळल्यावर. मग सर्व्हरला ट्रान्सकोडिंग करावं लागतं: फाइल ठिपक्यान् ठिपका उलगडायची, सेकंदाला १४९ मेगाबाइटचा तो मूळ लोंढा पुन्हा उभा करायचा, आणि समोरच्याला कळेल अशा भाषेत तो परत आवळायचा. तेही सिनेमा पुढे सरकतोय त्या वेगाने, नाहीतर पडद्यावर चक्र फिरायला लागतं. फोर-के सिनेमा असेल तर ठिपके चौपट. बहुतेक सर्व्हरांच्या पोटात हे काम एफएफएमपेग नावाचा प्रोग्रॅम करतो. तो २००० साली फाब्रिस बेलार या फ्रेंच प्रोग्रॅमरने सुरू केला.

यादी कधी जुळत नाही? इथे भल्याभल्यांचा अंदाज चुकतो. फाइल जितकी मोठी आणि चकाचक तितकं काम जास्त, असं वाटतं. वस्तुस्थिती पुष्कळदा उलटी असते. गेल्या काही वर्षांतल्या टीव्हीला फोर-केची पन्नास जीबीची एच.२६५ फाइल द्या. तो ती जशीच्या तशी वाजवेल, सर्व्हरला जाग येणार नाही. पण वीस वर्षांपूर्वीच्या लग्नाची डीव्हीडी क्रोम ब्राउझरमध्ये उघडा. फाइल छोटी, चित्र धूसर, पण भाषा एमपेग-२, आणि क्रोमला ती कळत नाही. सर्व्हरला पूर्ण फाइल नव्याने आवळावी लागते. त्यातून आपल्याकडच्या डीव्हीडी बहुधा पाल पद्धतीच्या, सेकंदाला ५० अर्धी चित्रं असलेल्या: आधी विषम ओळी, मग सम ओळी. जुन्या पिक्चर ट्यूबवर ते गुळगुळीत दिसायचं. आजच्या पडद्यावर नवरी हार घालायला हात उचलते तेव्हा हाताच्या कडांना आडव्या रेघांचे दात फुटतात. ते मिटवायचं कामही सर्व्हरच्याच गळ्यात.

दुसरं कारण सबटायटल, आणि हे कुणाच्या ध्यानीमनी नसतं. साध्या मजकुराची एसआरटी फाइल असेल तर चिंता नाही. ती वेगळी पाठवली जाते आणि टीव्ही ती स्वतः चित्रावर लिहितो. ब्लूरेवरची सबटायटलं मात्र अक्षरं नसतातच, ती छोटी छोटी चित्रं असतात. ती दाखवता येत नसलेलं ॲप समोर असलं तर ती सिनेमातच रंगवून टाकावी लागतात. पडद्याच्या तळाशी एक ओळ उमटवायची म्हणून सबंध सिनेमा उलगडून पुन्हा आवळायचा! इतका वेळ सुरळीत चाललेला फोर-के सिनेमा आजीने सबटायटल लावताक्षणी अडखळायला लागला, तर दोष इंटरनेटचा नाही, त्या एका ओळीचा आहे. देवनागरीची आणखी एक मेख आहे. मजकुराची सबटायटलं सर्व्हरने रंगवायची झाली तर देवनागरी फॉण्ट सर्व्हरवर हवा. तो नसेल तर ‘क्षणभर विश्रांती’च्या जागी रिकामे चौकोन येतात. नोटो सान्स देवनागरी हा मोफत फॉण्ट टाकला की जोडाक्षरं, रफार, वेलांट्या सगळं जागच्या जागी बसतं.

तिसरं कारण एचडीआर. अशा फाइलमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ ऐवजी १०२४ पायऱ्या असतात. साध्या पडद्यावर ते चित्र राख फासल्यागत फिकं पडतं, म्हणून रंगांचा हिशेब दर ठिपक्याला नव्याने मांडावा लागतो. चौथं कारण म्हणजे बाहेरगावी मोबाइलच्या नेटवर बघणं; तिथे ४० मेगाबिटची फाइल तीन-चार मेगाबिटवर आणल्याशिवाय गाडी हलत नाही.

हे काम कोण करतं यावर आता प्रोसेसरची निवड अवलंबून आहे. प्रोसेसरचे मोठे गाभे (कोअर) ते करू शकतात. त्यांना काहीही सांगा, ते करतील: हिशेबाची वही, बुद्धिबळ, सिनेमा. पण काहीही करता येणाऱ्याला प्रत्येक पायरीला आधी ‘आता काय करायचंय’ ते वाचावं लागतं, आणि त्यातच वीज जाते. २०११च्या जानेवारीत इंटेलने सँडी ब्रिज पिढीच्या प्रोसेसरमध्ये, चित्र दाखवणाऱ्या भागाच्या शेजारी, एक छोटा कोपरा राखून ठेवला आणि त्याला क्विक सिंक नाव दिलं. या कोपऱ्याला दुसरं काही येत नाही. तो चकलीचा सोऱ्या आहे: त्यातून भाकरी निघणार नाही, पण चकली घालायची असेल तर हाताने वळणाऱ्याने त्याच्याशी शर्यत लावू नये. नक्ष्यांचं गणित, तुकड्यांचा शोध, सगळ्याच्या तारा सिलिकॉनमध्ये कायमच्या आखून ठेवलेल्या. ठिपके एका बाजूने आत, दुसऱ्या बाजूने आवळलेली फाइल बाहेर.

याचा परिणाम अचाट आहे. इंटेलचा एन१०० हा २०२३मधला चिमुकला प्रोसेसर कागदोपत्री ६ वॅटचा. चार छोटे गाभे, एरवी ऑफिसच्या कामालाही जेमतेम म्हणावा असा. पण त्याच्या त्या कोपऱ्यातून फुल एचडीचे तीन-चार सिनेमे एकाच वेळी ट्रान्सकोड होऊन निघतात. उलट भंगारात स्वस्त मिळालेला, मोठ्या कंपनीतून निघालेला वीस गाभ्यांचा झिऑन सर्व्हर घरी आणा. त्याच्यात हा कोपराच नाही. फोर-के एचडीआर सिनेमा साध्या पडद्यासाठी उतरवताना त्याला घाम फुटतो, पंखे विमानतळाची आठवण करून देतात आणि मीटर पळतं. ‘सर्व्हर’ पाहिजे म्हणून सर्व्हर आणणाऱ्यांची फसगत होते ती इथे. निखळ न्यायाचं म्हणाल तर सोऱ्याची चकली किंचित जाड येते: तेवढ्याच वेगाच्या फाइलमध्ये, निवांत वेळ घेऊन सॉफ्टवेअरने आवळलेलं चित्र थोडं सरस असतं. सोफ्यावरून मला तरी तो फरक दिसत नाही.

तेव्हा खरेदीच्या वेळी गाभे मोजू नका, पिढी बघा. इंटेलच्या सातव्या पिढीपासून, म्हणजे २०१७च्या सुमारापासून, हा कोपरा एचडीआरला लागणारं दहा बिटांचं एच.२६५ उलगडतो आणि आवळतोही. एव्ही१ उलगडायला अकरावी पिढी किंवा तिच्यानंतरची पाहिजे. एन१००ला ते जमतं. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत ऑफिसांमधून परत आलेले डेल, एचपी, लेनोवोचे पुस्तकाएवढे डेस्कटॉप मिळतात. त्यातला आय५-८५००टी सारखा आठव्या पिढीचा प्रोसेसर या कामाला उत्तम. नव्याचा हट्ट असेल तर एन१००चा मिनी पीसी घ्या. माझं मत विचाराल तर पहिल्यांदा करणाऱ्याने जुनाच घ्यावा. आत उघडून बघायची भीती वाटत नाही.

सापळे दोन-तीन आहेत. इंटेलच्या नावाशेवटी ‘एफ’ असेल, उदाहरणार्थ आय५-१२४००एफ, तर त्यात चित्राचा भागच नाही, म्हणजे क्विक सिंकही नाही. दुकानदार तो ‘तेवढाच फास्ट, हजार-दोन हजारांनी स्वस्त’ म्हणून पुढे सरकवतो, आणि गेमवाल्यांसाठी ते खरंही आहे. आपल्यासाठी तो बाद. दुसरा सापळा रास्पबेरी पाय. चौथ्या पायमध्ये एच.२६४ आवळणारा कोपरा होता. २०२३मध्ये आलेल्या, कितीतरी वेगवान पाचव्या पायमधून तो काढून टाकला. नवं म्हणजे या कामासाठीही जास्त समर्थ, असं धरून चालणाऱ्याचा मामा होतो. तसंच तयार नासचं, म्हणजे दुकानात आयत्या मिळणाऱ्या डिस्कांच्या पेटाऱ्याचं. सिनॉलॉजीच्या २०२२मधल्या डीएस९२३प्लसमध्ये एएमडीचा जो रायझन आर१६०० आहे, त्यात चित्राचा भाग नाही. फाइली सांभाळायला तो पेटारा झकास, पण ट्रान्सकोडिंगला सेलेरॉनवाली स्वस्त मॉडेलं त्याच्यापेक्षा बरी. आणि प्लेक्स वापरणार असाल तर लक्षात ठेवा, हा कोपरा वापरायची परवानगी त्यांच्या प्लेक्स पास या सशुल्क योजनेत येते.

रॅमची फार चर्चा करण्यासारखं काही नाही. आठ जीबी पुरते. छोटा एसएसडी मात्र हवाच. सिनेमे त्याच्यावर ठेवायचे नाहीत, सर्व्हरची वही आणि पोस्टरं ठेवायची. यादी सरसर सरकते की पोस्टरं एकेक करून उगवतात, हे त्याच्यावर ठरतं.

सिनेमांसाठी अजूनही फिरती हार्ड डिस्कच परवडते, आणि ती डिस्क म्हणजे स्वतंत्र नवल आहे. मिनिटाला ७,२०० फेऱ्यांची साडेतीन इंची डिस्क सेकंदाला १२० वेळा फिरते. तिच्या तबकडीची बाहेरची कड ताशी सव्वाशे किलोमीटरच्या वर पळत असते, आणि वाचणारं टोक तिच्यापासून अवघ्या काही नॅनोमीटर उंचीवर तरंगत असतं. २०१३पासून मोठ्या डिस्कांत हवेऐवजी हेलियम भरून त्या सीलबंद करायला लागले. हेलियमची घनता हवेच्या एक सप्तमांश, म्हणून आतली खळबळ कमी होते, तबकड्या पातळ करता येतात आणि जास्त मावतात. ही डिस्क यूएसबीच्या तारेवर चालत नाही, तिला १२ व्होल्टचा वेगळा अडॅप्टर लागतो, हे पुस्तकाएवढा डबा घेताना ध्यानात ठेवा. काही डिस्कांमध्ये जागा वाचवायला ट्रॅक एकमेकांवर थोडे चढवलेले असतात. त्यांना एसएमआर म्हणतात. त्यांच्यावर लिहिणं रखडतं, वाचणं नाही. सिनेमा एकदा लिहायचा आणि पन्नासदा वाचायचा, तेव्हा एकट्या डिस्कला ते चालून जातं. चार डिस्का जोडून रेड करणार असाल तर टाळा. आणि रेड म्हणजे बॅकअप नव्हे. सिनेमा पुन्हा विकत मिळेल. बारशाचं चित्रण मिळणार नाही. त्याची एक प्रत दुसऱ्या घरी, भावाकडे किंवा माहेरी असू द्या.

तारेची एक खोड सांगण्यासारखी आहे. गिगाबिट वेगाला लॅन केबलमधल्या चारही जोड्या, म्हणजे आठही तारा लागतात. १०० मेगाबिटला दोनच जोड्या पुरतात. घाईत पिन मारताना त्या दोन जोड्यांबाहेरची एक तार जरी नीट बसली नाही, तरी दोन्ही टोकांची यंत्रं बोभाटा न करता १०० मेगाबिटवर उतरतात. यूट्यूबला काही फरक पडत नाही, म्हणून वर्षानुवर्षं कुणाला कळत नाही. त्याहून विचित्र म्हणजे पुष्कळ महागड्या टीव्हींनाही लॅनचं भोक १०० मेगाबिटचंच दिलेलं असतं. फोर-के ब्लूरेचा वेग तर १२८ मेगाबिटपर्यंत जाऊ शकतो. अशा टीव्हीला तार काढून ५ गिगाहर्ट्झचं वायफाय लावल्यावर सिनेमा सुधारतो. ‘वायफायपेक्षा तार बरी’ हे शंभरातल्या नव्वद वेळा खरं, पण टीव्हीमागचं भोक कितीचं ते आधी तपासा.

डबा चोवीस तास चालणार, म्हणून विजेचा हिशेब. सतत जळणारा एक वॅट वर्षाला पावणेनऊ युनिट खातो. डिस्कसकट १५ वॅटचा डबा १३१ युनिट, ६० वॅटचा जुना टॉवर ५२६ युनिट. युनिटला दहा रुपये धरले तर वर्षाला चार हजारांचा फरक, आणि फुकट मिळालेला टॉवर चार वर्षांत महाग पडतो. लाइट जाण्याचं म्हणाल, तर घरी इन्व्हर्टर असतो म्हणून लोक निर्धास्त राहतात. त्याच्या मागे किंवा बाजूला बहुधा एक छोटा खटका असतो: एका बाजूला यूपीएस, दुसऱ्या बाजूला साधा किंवा इको. साध्या बाजूला तो वीज बदलायला जास्त वेळ घेतो; पंख्याला, दिव्याला पत्ता लागत नाही, पण कॉम्प्युटर तेवढ्यात बंद पडून पुन्हा सुरू होतो. विजेची एक लाट २० मिलीसेकंदांची, आणि बऱ्याच पॉवर सप्लायची सहनशक्ती तेवढीसुद्धा नसते. खटका यूपीएसकडे असला की डिस्कवर काही लिहिलं जात असताना वीज गेली तरी सहसा निभावतं.

राहता राहिली घराबाहेरची मंडळी. नागपूरच्या घरातल्या डब्यावरचं लग्न न्यू जर्सीतल्या भाचीला दाखवायचं, तर अडचण प्रोसेसरची नसते. आपल्याकडचे बरेच ब्रॉडबँडवाले एकच आयपी पत्ता अनेक घरांत वाटतात. घरातून बाहेर जाता येतं, बाहेरून घर सापडत नाही. कंपनीकडून जादा पैसे भरून कायमचा पत्ता घेता येतो, दोन्ही टोकांना आयपीव्ही६ असेल तर त्यानेही काम होतं, किंवा टेलस्केलसारखं मोफत साधन दोन्हीकडे टाकलं की राउटरला हात न लावता दोन्ही यंत्रं एकमेकांना भेटतात. मग बघायचा तो अपलोडचा वेग. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत असतो तो डाउनलोडचा. अपलोड १० मेगाबिट असेल, तर जेलीफिनच्या सेटिंगमध्ये इंटरनेटवरून बघणाऱ्यांसाठी ४ मेगाबिटची मर्यादा घाला. भाची आणि तिची सासू दोन वेगळ्या पडद्यांवर एकाच वेळी बघू शकतील, आणि नागपुरात व्हिडिओ कॉलला जागाही उरेल.